भावांच्या बहिणी कोणी केल्या?

शैला, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही.

तू असतीस तर आधी विचारलं असतंस, गावकावळा की डोमकावळा. पण या एका समारंभाला तू हजर नसणं हीच अट होती. तुझ्याऐवजी तुझा दादा उन्हात उभा होता, कमरेला ओला पंचा, आणि भाताच्या गोळ्यासमोर हात जोडून तुझ्या राहिलेल्या इच्छा ओळखत होता. आधी म्हणाला, "शैले, तुझी दुर्बीण कुणाला देणार नाही." कावळा भिंतीवर बसून राहिला. मग म्हणाला, "बरं, दुर्बीण तुझ्या रविवारच्या ग्रुपला देतो." तरी बसून राहिला. घाटकोपरची कुंदा, तुमची चुलतबहीण, पुढे झाली आणि तिनं आमच्या ऋताचं लग्न थाटात लावून देण्याचं वचन तुला दिलं. लेकीचं लग्न हा विषय तू आमच्या घरात कधीच बंद करून टाकला होतास, त्यामुळे ऋतानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. कावळ्यानं चोच भिंतीला घासली. शेवटी मागून सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस घसा साफ करून म्हणाले, "सोसायटीच्या बागेत ताईंच्या नावाचं बाकडं बसवण्यात येईल." त्यावर कावळा उडून गेला.

मला वाटतं, 'बसवण्यात येईल' ऐकून गेला.

गुरुजींनी विचारलं, अजून कुणाला काही आठवतंय का. सगळे माझ्याकडे वळले, कारण घरात तुझ्याशी सगळ्यात जास्त बोलणारी मी. आणि मला आठवत होतंच. पण ते स्मशानातल्या फरशीवर चारचौघांत म्हणण्यासारखं नव्हतं. 'शैला, इंग्रजांनी सातभाई पक्ष्यांच्या सात बहिणी का केल्या ते मी शोधून काढते,' असं मी मोठ्यानं म्हटलं असतं, तर कुंदानं मला सावलीत नेऊन बसवलं असतं आणि लिंबूपाणी पाजलं असतं. म्हणून मनातल्या मनात म्हटलं.

आणि ते आले. असल्या योगायोगांचं मला वावडं आहे हे तुला ठाऊक आहे, म्हणून जे घडलं तेवढंच सांगते. कुंपणापलीकडच्या झुडपातून आधी एक उतरला, मातकट रंगाचा, पिवळट चोचीचा, फिकट डोळ्यांनी कायम रागावल्यासारखा बघणारा. त्याच्यामागे दुसरा, मग बाकीचं सगळं खटलं. कलकलाट करत, एकमेकांच्या अंगावर पडत, टुणटुण उड्या मारत सातभाईंनी तुझा पिंड फस्त केला. मघाचा कावळा परत येऊन लांबून बघत होता, हक्काच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं सापडावं तसा.

गुरुजींचा मंत्र थांबला. तुझ्या दादानं विचारलं, "हे चालतं का?" गुरुजी तरुण होते, बिचारे प्रामाणिक. म्हणाले, "काका, पक्षी आहे हे खरं. पण शास्त्रात कावळा आहे." कुंदाला कळेना, इच्छा पूर्ण झाली असं धरायचं की नाही. गुरुजींना पुढे भांडुपला जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो नव्या गोळ्याला टेकवून तुला मोकळं केलं. मी ओढणी तोंडावर धरून हसत होते. कुंदाला वाटलं रडतेय, तिनं पाठीवरून हात फिरवला. तिचंही काही फार चुकलं नव्हतं.

पक्ष्यांनी भात खाल्ला, यात अर्थ काही नाही. भात होता, खाल्ला. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. दूध तापत ठेवते आणि गॅलरीत जाते. गॅलरीतून परत येते तर दूध ओट्यावर. पुस्तक उभ्यानं वाचते. दादा म्हणतो, बस जरा. त्याला काय सांगू, बसले की समोर तुझी खुर्ची येते.

तू कुठे नोकरी केलीस, कधी निवृत्त झालीस, तुझ्या मागे कोण परिवार, हे सगळं पेपरात छापून आलंय. त्यात काही चुकलेलं नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली मी. मृत्युलेखात शुद्धलेखन सोडून दुसरं काही तपासता येत नाही, हे मला माहीत आहे.

वाद कसा सुरू झाला आठवतं? ऋता शाळेत होती आणि पक्ष्यांचा इंग्रजी तक्ता घोकत होती. 'जंगल बॅबलर, ऑर सेव्हन सिस्टर्स.' तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. तोंडातला चिमटा न काढताच तू विचारलंस, सिस्टर्स? मग भाऊ कुठे गेले? मी मुद्रितातून मान वर न करता म्हटलं, "नोकरीनिमित्त बाहेरगावी." तू हसली नाहीस. चिमटा काढलास, आत आलीस आणि म्हणालीस, "नाही वहिनी, हे बघायला पाहिजे." तिथून जे बघायला लागलीस ते हॉस्पिटलपर्यंत.

तुझं म्हणणं साधं होतं. मराठीत सातभाई, हिंदीत सातभाई, बंगालीतही भाऊच. इकडच्या कुणीतरी साहेबाला भाऊ म्हणूनच सांगितलं असणार. मग त्यानं बहिणी कुठून आणल्या? तुझं उत्तर होतं, क्लबाच्या व्हरांड्यातून. त्या काळी विलायतेहून लग्नाळू मुली बोटीनं इकडे यायच्या, नवरा शोधायला. एकेकीचं लग्न ठरेपर्यंत सगळ्या एकत्र बसायच्या, एकत्र फिरायच्या, एकत्र बोलायच्या. साहेब संध्याकाळी पेला हातात घेऊन बसलेला. समोर हिरवळीवर हे पक्षी पाचोळा उलटतायत आणि शेजारी ह्या बायका. झालं त्याचं काम. "पुरुषांचा आवाज झाला की ती चर्चा," तू म्हणायचीस, "आणि बायकांचा झाला की कलकलाट. साहेब असो नाहीतर तुमचे टिपणीस."

टिपणीस माझे कधीपासून झाले, हा वेगळा वाद.

माझं म्हणणं याहून कमी रोमांचक होतं. मी म्हणायचे, साहेबानं एवढा विचार केलाच नाही. इंग्रजीत सात बहिणी आधीपासून तयार होत्या, आभाळात. आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो तो झुबका त्यांच्याकडे सात बहिणींचा. 'सेव्हन' म्हटलं की 'सिस्टर्स' जिभेवर आपोआप येणार, जसं आपल्याकडे 'कैलासवासी' म्हटलं की 'मनमिळाऊ' येतं. तयार कपडा, आला त्याला घातला. तू विचारलंस, मग पक्षी आठ असते तर? मी म्हटलं, तर आठवा मेहुणा धरला असता.

"आणि मग आपल्याकडे भाऊ का?"

त्यावर मी तुला साती आसरा दिल्या. विहिरीवरच्या, नदीकाठच्या, शेंदूर लावलेल्या सात जणी. मराठीत सात बहिणींची जागा केव्हाच भरलेली होती, आणि ती जागा अशी की टिंगल करायची हिंमत नाही. तेव्हा भांडखोर पक्ष्यांच्या वाट्याला भाऊ उरले. शिवाय, मी म्हटलं, एका कुटुंबातले सात जण एकाच आवारात राहून दिवसभर भांडतात, हे बघून मराठी माणसाला दुसरं काय सुचणार? अजून वाटण्या व्हायच्यात, एवढंच.

तू विचारलंस, "आणि त्यांच्या बहिणी कुठे?"

"सासरी," मी म्हटलं.

"सगळ्याच नाही," तू म्हणालीस, आणि चहाचे कप उचलून आत गेलीस.

साती आसरांचा तो मुद्दा तुला फार आवडला होता. माझ्यासमोर कबूल केला नाहीस. पण पुढे रविवारी सकाळी मागच्या डोंगरावर पोरांना घेऊन जायचीस, तिथे तो स्वतःचा म्हणून सांगायचीस, हे मला ऋताकडून कळलं होतं. ठेव तुझ्याकडेच.

नर कोणता आणि मादी कोणती, हे सातभाईंत बघून ओळखता येत नाही. साहेबाला येत नव्हतं, आपल्या आज्यांना येत नव्हतं, तुला एवढी दुर्बीण लावून येत नव्हतं. सातही नेहमी नसतात; कधी पाच, कधी दहाबारा. म्हणजे आकडा चूक आणि नातं अंदाजपंचे. तुझा सिद्धान्त यातूनच निघाला होता: पक्ष्याला नाव देणारा ते आपल्या घरातून घेऊन येतो. मी म्हटलं, हे वाक्य बरं आहे, कुठेतरी छाप. तू म्हणालीस, पुरावा मिळाल्याशिवाय नाही. तुझ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला समारंभी वाटायची, तुझा तो पुरावा.

एकदा जेवताना तू मला त्यांच्या घरट्याबद्दल सांगितलंस. थव्यातली एखादी जोडी अंडी घालते आणि बाकीचे मिळून पिल्लांना भरवतात. मोठी भावंडं, आत्या, काका, जे कोण असतील ते. पावशा त्यांच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकून जातो, ते परकं पोरही हीच मंडळी वाढवतात. मी म्हटलं, भोळेच म्हणायचे. तू म्हणालीस, भोळे कशावरून? कळूनही भरवत असतील. मग तू सांगितलंस की हे मदतनीस स्वतःचं घरटं करायला का जात नाहीत यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काही म्हणतात, बाहेर जागा मिळत नाही. (मुंबईत हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला, असं मी म्हटलं.) काही म्हणतात, आपल्याच रक्ताची पोरं वाढवण्यात त्यांचाही फायदा असतो.

मी तुला भाजी वाढली आणि विचारलं, "तुझं काय मत?"

"माझं कसलं मत? मी निरीक्षक."

दादा बातम्या बघत होता. आपण दोघी कशाबद्दल बोलत होतो ते आपल्याला माहीत होतं आणि आपण पक्ष्यांबद्दलच बोललो. पुढेही तसंच. नाशिकचं स्थळ आलं होतं, ऋता तेव्हा रांगत होती, माझी छापखान्यातली पाळी कधी सकाळची कधी दुपारची. तू नाही म्हणालीस. ज्या उत्तरावर घर चालतं त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. ऋताचे केस तू विंचरलेस, तिला गणित तू शिकवलंस, तिच्या शाळेच्या नाटकात झाडाच्या पोशाखाला खरी पानं लावली म्हणून बाईंशी तू भांडलीस. मी घरी यायचे तेव्हा गरम पोळी असायची आणि पोळीबरोबर वाद. पोळीबद्दल मी तुझे आभार मानलेत. वादाबद्दल कधी मानले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठी लवकर घरी यायचे.

आता तुझी शोकसभा. सोसायटीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, हार. फोटोतून तुझी दुर्बीण कापून टाकलेली, कारण टिपणिसांच्या मते ती प्रसंगाला शोभत नव्हती. त्यामुळे तू मान तिरकी करून कशाकडे बघत हसतेयस ते कुणाला कळत नव्हतं. भाषणं झाली. पहिल्यानं त्यागमूर्ती म्हटलं, दुसऱ्यानं त्यागमूर्ती म्हटलं, तिसऱ्याला काही वेगळं म्हणायचं असावं, पण तोवर हॉलला त्या शब्दाची सवय झाली होती. भावाच्या संसारासाठी तुम्ही स्वतःच्या संसाराकडे पाहिलं नाही. दिव्यासारख्या जळलात. दादा पहिल्या रांगेत मान हलवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला काय बोलायचं? तो खरंच रडत होता. तुझ्या रविवारच्या ग्रुपमधली एक मुलगी बोलायला उठली, तेव्हा वेळ संपली होती.

परवा टिपणिसांनी बाकड्यावरच्या संगमरवरी पाटीचा मजकूर पाठवला. 'त्यागमूर्ती कै. शैलजाताई सावरडेकर, ज्यांनी आपले संपूर्ण आयुष्य बंधूंच्या कुटुंबासाठी वेचले, त्यांच्या पावन स्मृतीस.' आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, कारण दगड कोरणारा खोळंबलाय.

मी पहिल्यांदा 'पावन' काढलं. मग 'त्यागमूर्ती'. हात सरावलेला आहे. मग त्या मधल्या वाक्याशी आले आणि अडकले. काट मारणं हा माझा धंदा, शैला. पण काट कधी मारायची, तर मजकूर चूक असेल तेव्हा. आणि हे वाक्य चूक आहे का, ते मला माहीत नव्हतं.

खरं असेल तर? खरोखर तू आमच्यासाठी राहिली असशील, नाशिकला जायची तुझी इच्छा असेल, आणि ऋताच्या रांगण्याकडे बघून तू ती गिळली असशील, तर भाषा कितीही टिपणिशी असो, ते वाक्य दगडावर असायलाच हवं. ते पुसणं म्हणजे तुझं देणं पुसणं. आणि खोटं असेल, तर या सोसायटीत येणारंजाणारं प्रत्येक माणूस पुढची कित्येक वर्षं तुझ्याबद्दल एक खोटं वाक्य वाचत बुटाची नाडी बांधणार. तुला विचारायचं ते राहूनच गेलं. तीसेक वर्षं एका टेबलावर जेवलो आणि मी तुला पक्ष्यांबद्दल विचारत राहिले.

हॉस्पिटलातसुद्धा. नाकात नळी, हातात फोन. तुला जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या छायाप्रती कुठूनतरी मिळाल्या होत्या आणि त्यांत काही साहेब चक्क भाऊच म्हणत होते. तू एवढी खूश की नर्सला वाटलं रिपोर्ट चांगले आले. "वहिनी, म्हणजे काहींनी भाऊच लिहिलं होतं. दोन्ही नावं चालू होती. मग भाऊ मागे पडून बहिणी कधी पुढे आल्या? कुणीतरी पहिला असणार ना. एक माणूस, एका सकाळी."

मी म्हटलं, असा एक माणूस नसतो. नावं गच्चीतल्या गळतीसारखी असतात. सगळ्यांच्या घरात उतरतात आणि जबाबदार कोणी नसतं.

"तू पळ काढतेस," तू म्हणालीस.

"तू हट्ट करतेस," मी म्हटलं. नर्सनं दोघींनाही गप्प केलं. दुसऱ्या दिवशी तू बोलत नव्हतीस.

म्हणून मी शोधत होते. मनातल्या मनात का होईना, वचन दिलं होतं आणि पिंडही खाल्ला गेला होता. साहेबांची प्रवासवर्णनं, शिकारीच्या हकिगती, मडमांनी बहिणींना लिहिलेली पत्रं, जे मिळेल ते. एक जुना कोश दोन्ही नावं शेजारीशेजारी देतो आणि पुढे जातो. पहिला माणूस सापडत नाही. ती एक सकाळ सापडत नाही. तुझी लग्नाळू मुलींची बोटही कुठे या पक्ष्यांपाशी येऊन लागत नाही, आणि माझ्या आभाळातल्या बहिणीही खाली उतरताना कुणी पाहिलेल्या नाहीत. दोघींचंही नुसतं म्हणणंच.

आज दुपारी ऋता आली. तिला टिपणिसांचा मजकूर वाचून दाखवला. म्हणाली, "आत्यानं तो दगड उचलून डोंगरावर नेऊन टाकला असता."

मी विचारलं, "पण खोटं आहे का?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी तिला तिचंच नाव विचारलं. म्हणाली, आई, मी विचारलं होतं ना तिला. कॉलेजात असताना एकदा डोंगरावर गेलो होतो तेव्हा. लग्न करून गेली का नाहीस, आमच्याकडे का राहिलीस.

असं. मेथीचा भाव विचारावा तसं. ज्या प्रश्नाभोवती मी आणि तू पक्ष्यांचं एवढं रान उभं केलं, तो आमच्या मुलीनं चालता चालता विचारून टाकला होता आणि वर विसरूनही गेली होती.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मी कुठे राहिले? हे माझंच घर. आली तर तुझी आई."

मी खुर्चीवर बसले. कितीतरी दिवसांनी.

ऋतानं पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "आणि म्हणाली, आली ते बरं झालं. दादाशी वाद घालण्यात काही मजा नव्हती."

शैला, मी पार्ल्याहून इथे आले तेव्हा तू दार उघडलं होतंस. त्या गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलाचं घरटं होतं म्हणून तू मला तिकडे जाऊ दिलं नव्हतंस. कपाटातला एक कप्पा तू रिकामा करून दिला होतास, माझ्यासाठी. तुझ्या कपाटातला. याच घरात तू जन्मलीस, इथल्या खिडकीतून दिसणारं प्रत्येक झाड तुझ्या ओळखीचं होतं, आणि मी बाहेरून आले, चार दिवस इकडेतिकडे पाहिलं आणि ठरवलं की या घरात एक नणंद राहिलेली आहे. मग त्या 'राहिलेली'चं कारण शोधत बसले. तुझ्या दादानं ते मान्य केलं, कुंदानं केलं, टिपणीस आता दगडावर कोरायला निघालेत. म्हणजे पहिलं कोणी म्हटलं, हे निदान या एका बाबतीत मला सांगता येईल.

भावांच्या बहिणी कोणी केल्या ते मला सापडलेलं नाही. पण कशा केल्या असतील त्याचा अंदाज आलाय. त्याला वाईट हेतू लागत नाही. उशिरा यावं लागतं आणि मोठ्यानं बोलावं लागतं. हे तुझ्या सिद्धान्ताला पुरावा म्हणून चालेल की नाही, तूच ठरव. मी यावर भांडायला तयार आहे.

टिपणिसांना फोन केला. म्हटलं, मजकूर लिहून घ्या. शैलजा सावरडेकर. खाली, रा. मुलुंड.

ते म्हणाले, "कै. राहिलं."

"राहू दे."

"आणि ताईंचं कार्य? कुटुंबासाठी त्यांनी जे..."

"ते चूक आहे. मी घरातली आहे, मी सांगतेय."

"अहो पण पत्ता कशाला? बाकडं मुलुंडातच आहे."

"ती पण इथलीच होती," मी म्हटलं. "एवढंच लिहा."

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले की कमिटीपुढे ठेवावं लागेल, लोकांना हे कोरडं वाटेल, दोन जण तरी विरोध करतील. "वाद होईल हो, वहिनी."

मी म्हटलं, होऊ दे, मला सवय आहे.

फोन ठेवला. आहेच सवय. फक्त आता वादाला समोर टिपणीस असणार, शैला. काय मजा येणार त्यात?